चौदा नंबरचा फोटो

— नाही नाही, राहू द्यात, एवढ्यात काढू नका. दोन्ही नमुने नीट बसलेत, टोचत-बिचत नाहीत. आरशात मी मग बघते, डॉक्टर. आधी मला तो अल्बम दाखवा — निळ्या पुठ्ठ्याचा, मघाच्या बाईंना दाखवत होतात तो. दार जरासं उघडं होतं म्हणून दिसला. मी काही डोकावत नव्हते. म्हणजे, डोकावत होते. चष्म्याच्या दुकानात नोकरी करते ना मी, दिवसभर लोकांच्या बुबुळांमधलं अंतर मोजायचं, बघायची खोडच लागते. आणि सहीचं म्हणाल तर सही करायलाच आलेय. आज सही, पुढच्या मंगळवारी ऑपरेशन, सगळं डोक्यात पक्कं आहे. सकाळच्या बोटीनं हेलसिंकीहून इथं तालिनला यायला निघाले, दोन तास शेजारी एक बाई विणत बसल्या होत्या, त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही — मी बोलतच नाही फारशी. घरी विचारा कुणालाही. सासूबाई म्हणतात, सायमी घरात असली की घड्याळाचा आवाज ऐकू येतो. आता तुमच्यासमोर ही टकळी का चाललीये ते मलाही कळत नाहीये. अर्धे कपडे काढून बसलं की लपवण्यासारखं फारसं उरत नाही, म्हणून असेल. किंवा तुम्ही काहीच बोलत नाही, म्हणून असेल.

तुम्ही मघाशी विचारलंत, माझ्याकडेच का आलात — मी म्हटलं, तुमची साइट आवडली. तर ते काही खरं नाही. साइट अगदीच साधी आहे तुमची, राग मानू नका. तुमच्याआधी मी दोघांकडे जाऊन आले. पहिले हेलसिंकीतलेच, मोठं नाव, आणि हात एवढे मोठे की त्या हातात सुई कशी मावते देव जाणे. त्यांनी मापं घेतली, आई-मावशीला कुणाला छातीचा कर्करोग होता का ते विचारलं, आणि मग विचारलं — कुणासाठी? मी म्हटलं, माझ्यासाठी. फार पटकन म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं — चष्मा त्यांचा डाव्या कानावर वाकडा बसत होता, माझे हात शिवशिवत होते — आणि म्हणाले, सहा आठवड्यांनी या, तेव्हाही इतक्याच पटकन सांगता आलं तर बघू. मी गेलेच नाही. दुसऱ्या ताम्पेरेच्या. तिथं कॉफी, चॉकलेटं, आणि भिंतीएवढा पडदा. पडद्यावर माझंच धड, आणि डॉक्टरीणबाई बोटानं ते फुगवतायत — हे बघा इतकं, हे बघा तितकं. 'तुम्ही खूप खूश व्हाल,' असं तीनदा म्हणाल्या. फ्रेम विकताना मीही गिऱ्हाइकाला हेच म्हणते, त्यामुळे हे वाक्य कधी म्हणतात ते मला ठाऊक आहे. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत काय काय बिघडू शकतं तेच सांगितलंत — आत कवच धरतं, कडक होतं, दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागतं, कधी कधी बोंडांची जाणीव जाते, बाळाला पाजता येईलच असं नाही. अशा माणसावर विश्वास बसतो. पण मी आले ती त्यामुळेही नाही. मी आले चौदा नंबरच्या फोटोमुळे.

साइटवर फोटो आहेत ना तुमचे, आधीचा आणि नंतरचा, गळ्यापासून खाली, डोकं कुणालाच नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मागच्या खोलीत बसून एकेक बघत होते. चौदाव्याला हात थांबला. डाव्या खांद्याच्या हाडाखाली तीन तीळ, ओळीनं, शर्टाच्या गुंड्यांसारखे. मधला जरा बाजूला, गुंडी चुकल्यासारखा. ते तीळ मी ओळखते. चेहरा नसला तरी ओळखते — आमच्याकडे माणसं अशीही ओळखता येतात, तुमच्याकडेही येत असतील, सौनात, वाफेच्या त्या खोलीत, सगळ्याजणी उघड्याच बसतात, तुम्हाला काय सांगायचं. ती हेल्का.

हेल्का म्हणजे — कशी सांगू. इल्मोची, माझ्या नवऱ्याची, आधीची. सात वर्षं होते एकत्र. लग्न केलं नव्हतं, पण सात वर्षं म्हणजे लग्नच. 'आधीची' हा शब्द मात्र त्या घरात कुणी वापरत नाही. 'आपली हेल्का' म्हणतात. इल्मोच्या माणसांचं तळ्याकाठी उन्हाळ्याचं घर आहे, मिक्केलीच्या पुढं, आणि समोरच्या काठाला हेल्काच्या वडिलांचं. चार वर्षांची असल्यापासून ती होडीत बसून ह्या काठाला येते. त्यांचं मोडलं म्हणून तळं थोडंच मोडतं. जूनमध्ये युहानुसच्या सणाला ती येणार, होडीतून तिच्या हातची मुरवलेली हेरिंग मासळी येणार, आणि सासूबाई म्हणणार, आपल्या हेल्कासारखं शेपूचं प्रमाण कुणाला साधत नाही. मी बटाटे सोलत बसते. कोवळे बटाटे सोलायचे नसतात, नुसते घासायचे असतात, हेसुद्धा मला हेल्कानंच सांगितलं, गोड आवाजात, सगळ्यांसमोर.

लग्नाआधी दोन उन्हाळे गेले होते मी तिथं. दोन्ही वेळा सौनातल्या बायकांच्या पाळीला मला सर्दी झाली. म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी मागनं जाईन. आणि मागनं एकटी गेले, दगड निवलेले, वाफ मरगळलेली. हसा, हसा. सौनात बसायला घाबरणारी सून म्हणजे पाण्याला भिणारा कोळी. तसं मला आईसमोर, मैत्रिणींसमोर कधी काही वाटलं नाही. हेल्कासमोर वाटायचं. लग्न झालं मागच्या ऑक्टोबरात, आणि ह्या जूनला सर्दी चालेना. घरची झाले, आता बसायचंच. वरच्या बाकड्यावर सासूबाई, त्यांची बहीण आणि हेल्का. खालच्या पायरीवर मी. आणि तापल्या दगडांवर पाणी टाकायची पळी कुणाकडे? माझ्या माहेरी पहिल्या खेपेला नव्या सुनेच्या हातात देतात, ती म्हणेल तेवढी वाफ. इथं सासूबाईंनी बघितलंसुद्धा नाही, पळी आपसूक हेल्काकडे सरकवली. 'घाल गं, ह्या दगडांना तुझाच हात कळतो.'

आत कुणी कुणाकडे बघत नाही, तुम्हाला माहितेय. चर्चमध्ये बसल्यासारखं बसायचं, समोर बघायचं आणि घाम गाळायचा. मी बघितलं. तिनं पाणी टाकायला हात वर केला, आणि मी बघितलं — की काही हललं नाही. मागं रेलली, तरी नाही. आमचं कसं, रेललं की आहे तेवढंही बाजूला पांगतं. सासूबाईंचं पोटावर उतरलंय, मावशींचं त्याच्याही खाली, उन्हात झोपलेल्या मांजरांसारखं, शांत. आणि हेल्काचं — जागं. दोन्ही बाजूंना जागं. आणि खालच्या घडीत एक रेघ, गुलाबी, दोऱ्याएवढी. मला तर आधी सुटल्यासारखंच झालं. म्हटलं, चला, देवानं दिलेलं नाही, विकत घेतलंय. आणि दुसऱ्या क्षणाला त्याहून वाईट वाटलं. देवानं दिलेलं असलं की देवावर रुसून गप्प बसता येतं. विकत मिळतं म्हटल्यावर बसता येत नाही.

तेवढ्यात तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही. नीट पाहिलं, वेळ घेऊन, जशी मी फ्रेममध्ये काच बसलीये का ते बघते तसं. पळी बादलीत टाकली, आणि उठून सरळ तळ्यात. सासूबाई म्हणाल्या, 'हिला काय झालं? ही कधी पहिली उठत नाही.' मला माहीत होतं काय झालं. हसायला गेली होती. आत बसून हसणं बरं दिसत नाही. पाण्यात पडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही — म्हटलं, हसत असेल पाण्याखाली. त्या दिवसापासून, डॉक्टर, मी तिला अक्षरशः पाण्यात पाहते. डोळे मिटले की ते तळं, तळ्यात ती उताणी, आणि पाण्यावर दोन बेटं.

म्हणून आले. हे नमुने आत्ता तुम्ही मला ब्रामध्ये घालून दिलेत — दोनशे सत्तर सीसी म्हणालात ना? — ते तिच्याएवढे आहेत का, एवढंच बघायचंय. कमी नकोत. तिचं नाव तुम्हाला घेता येत नाही, कळतं मला, आणि तुमचा चेहराही बघा कसा ठेवलाय, भिंत. मानसुद्धा हलवू नका. मी एक विचारते आणि त्याचं उत्तर देऊ नका — तिच्याबरोबर कुणी आलं होतं का? उंच, तांबूस दाढी, बाहेरच्या त्या खुर्चीत न मावणारा, मांडीवर बाईची पर्स, आणि पर्स कशी धरतात ते न कळून ती मांजरासारखी धरलेली? कारण उन्हाळाभर मी तेच बघतेय. सात वर्षांतच केव्हातरी झालं असणार हे. दोघं बोटीनं आले असणार. माझ्या आजीच्या अंत्यविधीला त्याला अर्ध्या दिवसाची रजा मिळाली, पण तेव्हा दोन दिवस काढली असणार. परवा मी सहज म्हटलं, एकदा तालिनला जाऊन येऊ या का, तर म्हणतो, नको, तिथं जाऊन जाऊन कंटाळलोय. जाऊन जाऊन. माणूस एवढा कशाला जातो? टाके काढायला. एकदा मी धीर करून विचारलं, हेल्का पहिल्यापासून अशीच होती का? तो म्हणाला, अशी म्हणजे? मला शब्द सापडेना. म्हटलं, उंच. म्हणाला, हो, उंच होतीच. झालं. लग्नाला वर्ष होत आलं, हेल्कावर आमचं एवढंच बोलणं. वाईट नाही हो तो. मला कधी कमी आहेस म्हणाला नाही. पुरेशी आहेस असंही म्हणाला नाही — तो काहीच म्हणत नाही, दोघंही गप्प म्हणून तर आमचं जमलं. त्याला वाटतंय मी दुकानातल्या मैत्रिणीबरोबर इथली स्वस्त वाइन आणायला आलेय, सगळे येतात तशी. चाकांची ढकलगाडीसुद्धा आणलीये मी, बाहेर तुमच्या बाकाशेजारी उभी आहे. खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

— हां, द्या. माझ्या मांडीवरच ठेवा. मी उलटते. नऊ, दहा... ही बाई किती बारीक. खाली ह्या चिठ्ठ्या कसल्या? तारखा. बरं आहे की, किती दिवसांनी काय ते कळतं, साइटवर ह्या नव्हत्या. बारा. तेरा. चौदा — हीच. बघा तीळ. ही आधीची — अगं बाई. साइटवर इवलासा दिसायचा, आणि माझे डोळे सदा नंतरच्यावरच. ही तर मीच आहे. तीळ सोडले तर मीच. जेवढं माझ्याकडे आहे तेवढंच, नाही तेही तेवढंच. आणि ही नंतरची. तीन महिन्यांनी. सुंदर हात आहे तुमचा, डॉक्टर. जळते मी, पण सुंदर आहे.

आणि आधीच्या फोटोखाली — चार नोव्हेंबर.

चार नोव्हेंबर, आणि साल गेलंच लिहिलंय? ही चिठ्ठी दुसऱ्या कुणाची लागली नाही ना? नाही. तुम्ही असल्या चुका करणाऱ्यातल्या नाही. थांबा जरा. आमचं लग्न बारा ऑक्टोबरला झालं. बारा ते चार — तेवीस दिवस. आमच्या लग्नानंतर तेवीस दिवसांनी ती इथं, तुमच्या ह्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून. म्हणजे इल्मो नव्हता. गेल्या नोव्हेंबरात इल्मो माझ्याबरोबर स्वैपाकघराला रंग देत होता, दोन आठवडे आम्ही रंगाच्या वासात सूप पीत होतो. रजा नव्हती, पर्स नव्हती. जाऊन जाऊन कंटाळला तो इथली स्वस्त बिअरची खोकी वाहून कंटाळला असेल, सगळेच कंटाळतात. म्हणजे सात वर्षं त्याच्याजवळ होती ती ही, पहिल्या फोटोतली. आणि ही दुसरी त्यानं बघितलीसुद्धा नाही. सौनात पुरुषांची पाळी वेगळी, बायकांच्या नंतर असते.

मग कशाला? त्यांचं मोडूनही तोवर तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं काही केलं नाही, आणि आमच्या लग्नाला आली, जेवली, नाचली, आणि तेवीस दिवसांत — लग्नात असं काय बघितलं तिनं? फुलं बघितली. केक बघितला. मला बघितलं.

तो पोशाख.

सांगते. माझा लग्नाचा पोशाख शिवला कोउवोलाच्या एका म्हाताऱ्या शिंपिणीनं, तोंडात कायम टाचण्या. पहिल्यांदा घालून बघितला तेव्हा तिनं पुढचं कापड चिमटीत धरलं, आत नुसती हवा. म्हणाली, पोरी, शिवण उभी राहायला खाली काहीतरी लागतं. आणि मला न विचारता आत दोन गाद्या शिवून टाकल्या, चांगल्या जाड, खोगिराखाली घालतात तसल्या. मी आरशात पाहिलं, आणि काढा म्हटलं नाही. म्हटलं, एक दिवस. फोटोंपुरतं. हेल्का हिरव्या कपड्यांत आली होती. शुभेच्छांच्या रांगेत माझ्यासमोर आली, माझा हात हातात घेतला, नजर एकदा खाली गेली, आणि म्हणाली, "इल्मोचं नशीब." एवढंच. मी म्हटलं, टोमणा. वर्षभर तो टोमणा मी चघळतेय, आणि तो टोमणा नव्हताच, डॉक्टर. ती खरंच तसं म्हणाली होती. तिला वाटलं, हे सगळं माझं. वाटणारच — तिनं मला बघितलं कुठं होतं? दोन्ही उन्हाळे मी रुमालात नाक खुपसून अंगणात. एकदा, एकदा जरी त्या बाकड्यावर तिच्याशेजारी पाच मिनिटं बसले असते तरी तिला कळलं असतं की तिच्याजवळ नव्हतं ते माझ्याजवळही नाही. जिथं सगळ्याजणींनी सगळ्याजणींचं सगळं बघितलेलं असतं, तिथं एक मीच कपड्यांवरून ओळखली गेले.

आणि जूनमध्ये तिला दिसलं. ती हसायला नव्हती गेली. कापून घेतलं होतं तिनं, टाके घालून घेतले होते, नोव्हेंबरातल्या त्या बोटीनं एकटी परत गेली असेल, पट्ट्या बांधून, हात वर न करता येता — आणि जिच्यासारखी व्हायला एवढं केलं ती समोर खालच्या पायरीवर बसलेली, सपाट. म्हणून पळी टाकली. म्हणून पाण्याखाली तेवढा वेळ. मला वाईट वाटायला हवं, नाही? वाटतंय का ते बघतेय. थांबा. — नाही. बरं वाटतंय. तुमच्याशी खोटं कशाला बोलू. कुणीतरी माझ्यावर जळलं. माझ्यावर, डॉक्टर. शाळेत कधी नाही, दुकानात नाही, बहिणीनंसुद्धा माझे जुने कपडे कधी मागितले नाहीत. आणि ही हेल्का, जिच्या हाताची दगडांना ओळख, ती माझ्या दोन गाद्यांवर जळून तुमच्या टेबलावर येऊन झोपली.

— मिटू नका, मिटू नका. पहिला फोटो परत दाखवा. तीळ सोडले तर मीच, असं मी म्हटलं ना मघाशी? खांदे उतरते, बरगड्या, कमरेचा तो वाक, सगळं तेच. मग इल्मोनं तिला सोडलं आणि मला धरलं, त्यात बदललं काय? आमच्याकडे येतात अशी माणसं. जुनी फ्रेम तुटली, हुबेहूब तशीच द्या. मी म्हणते, अहो, आता नवं काही बघा, तुमचा चेहरा वेगळा दिसेल. नाही, तशीच. ती माणसं नव्या फ्रेमवर खूश असतात असं मला कधी वाटलं नाही. जुनीशिवाय त्यांना नाकाला चैन पडत नाही, एवढंच. पहाटे झोपेत त्याचा हात माझ्यावर येतो, तो कुणाच्या सवयीनं येतो? सात वर्षांच्या, का माझ्या? काल मला हे माहीत नव्हतं. काल मी नुसती तिच्या दुसऱ्या फोटोवर जळत होते, तो आजार बरा होता म्हणायचा. आता पहिल्यावरही जळते. आणि बघा कशी कोंडी केलीये तिनं — आहे तशी राहिले तर मी तिचा पहिला फोटो, सही केली तर दुसरा. तिसरा आहे का तुमच्याकडे कुठं? नाहीच ना. दोन्ही जागा अडवून बसलीये बाई.

काय म्हणालात? हो, ऐकलं. आज ठरवलंच पाहिजे असं काही नाही. तुम्ही हे म्हणणार ते मला बोटीतच माहीत होतं. पण मी ठरवलंय. आत्ता, बोलता बोलता. बघा — दुसऱ्या फोटोत ती आहे. रोज अंघोळीला, रोज आरशात, पंधरा वर्षं, मग बदलून आणखी पंधरा. पण पहिल्यातून ती उठून गेलीये. चार नोव्हेंबरला, स्वतःच्या पायांनी, तिकीट काढून. तिथं आता मी एकटीच आहे. इल्मोचा हात सवयीनं शोधत असेल तर शोधू दे. ज्याची सवय आहे ते आता एकाच ठिकाणी सापडतं. हे काही प्रेमाचं कारण नाही, मला कळतं. शहाणपणाचं तर नाहीच. पण माझं आहे. तेव्हा सही नाही. कागद तुमच्याकडे ठेवा नाहीतर फाडा, मंगळवार दुसऱ्या कुणाला द्या, रांगेत असतील बायका.

नाही, हेल्काला मी काही सांगणार नाही. काय सांगू — गाद्या होत्या म्हणून? तिचं तिला जूनमध्येच कळलंय. आणि समजा बोलणं निघालं आणि तिनं म्हटलं, आता हे काढूनच टाकते — निघतात ना हे? निघतात, तुम्हीच सांगितलंत, काढून टाकले की थोड्या महिन्यांत बरंचसं पहिल्यासारखं. मग? मग आम्ही दोघी पुन्हा सारख्या. नको. ती आहे तशी छान आहे. तुमच्याकडे तपासणीला आली आणि म्हणाली, डॉक्टर, ह्याचा आता मला काही उपयोग नाही, तर तुम्ही तिला सांगा की —

जूननंतर आली होती का ती?

उत्तर नका देऊ. तुम्हाला देता येत नाही. आणि मी काही विचारलंही नाही, समजा. — पण अल्बम का मिटलात? दाढीवाल्याचं विचारलं, पर्सचं विचारलं, तेव्हा तुम्ही सरळ माझ्या डोळ्यांत बघत होतात. आता त्या खिडकीत काय आहे, डॉक्टर?

बरं. म्हणजे पहिली जागाही परत मागितली तिनं.

माझा शर्ट द्या. नाही, माझी मी काढते, मला जमतं. हे घ्या दोन्ही. गरम झालेत, जरा गार होऊ द्या. मग बोलवा पुढच्या बाईंना.